प्रोटीन-लिगँड बंधनाच्या मॉडेलमध्ये रेणूंच्या नॉइजने खरंच फरक पडतो का?

प्रोटीनला त्याचा लिगँड, म्हणजे चिकटणारा रेणू, किती घट्ट धरून ठेवतो हे सांगणारी संहती म्हणजे केडी (लहान केडी, घट्ट पकड). तिच्या साध्या समीकरणावर काम भागत असताना ही नॉइजची, म्हणजे रेणू योगायोगाने चिकटण्या-सुटण्यातल्या चढउतारांची, भानगड मॉडेलमध्ये घ्यायची कशाला, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा घेऊच नका. टेस्ट ट्यूबमध्ये एक नॅनोमोलर द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्येही सुमारे 60 कोटी रेणू असतात. एवढ्या गर्दीत कोण कधी चिकटलं, कधी सुटलं, याचे चढउतार जिरून जातात. तिथे आलेखावर दिसणारी थरथर जवळजवळ नेहमी यंत्राची किंवा पिपेटची असते. तिच्यापायी मॉडेल बदलू नये.

पेशीत मात्र हिशोब फिरतो. ई. कोलाय या जिवाणूचं आकारमान साधारण एक फेम्टोलिटर. त्यात कशाचाही एकच रेणू असला तरी त्याची संहती सुमारे 1.7 नॅनोमोलर भरते. लॅक रिप्रेसर या जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रोटीनचे तर अख्ख्या पेशीत दहाच्या घरातच रेणू असतात.

समजा, पेशीत प्रोटीनचा एक रेणू आहे, लिगँडचा एक, आणि केडीही तेवढीच, 1.7 नॅनोमोलर. बांधलेला अंश क्ष धरला तर नेहमीचं समीकरण (मोकळं प्रोटीन × मोकळा लिगँड = केडी × जोड्या) म्हणतं (1−क्ष)² = क्ष, म्हणजे क्ष = 0.38. आता रेणू मोजून बघा. स्थिती दोनच: दोघे जोडलेले किंवा दोघे मोकळे. केडी एका रेणूच्या संहतीएवढीच असल्याने जुळण्याचा आणि सुटण्याचा दर सारखा, म्हणून जोडी निम्मा वेळ टिकते. उत्तर 0.5!

नॉइजमुळे आलेखाची रेघ फक्त जाड होते असं बरेच जण धरून चालतात. इथे सरासरीच सरकली. कारण समीकरण मोकळ्या प्रोटीनच्या सरासरीला मोकळ्या लिगँडच्या सरासरीने गुणतं, जणू दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. प्रत्यक्षात एक मोकळा असला की दुसराही मोकळाच असणार. दोघेही निम्मा वेळ मोकळे, तर सरासरींचा गुणाकार 0.25 येतो, पण दोघे एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता 0.5 आहे, बरोबर दुप्पट.

लिगँड भरपूर असेल तर ही अडचण येत नाही, सरासरी समीकरणाप्रमाणेच राहते. उरतो तो फक्त पसारा: 100 रिसेप्टर (लिगँड पकडणारी प्रोटीनं) अर्धे भरलेले असतील तर 50 ± 5, आणि 10,000 असतील तर जेमतेम एक टक्का इकडेतिकडे.

हा नॉइज नेहमी उपद्रवीच असतो असंही नाही. कॅट्झ आणि मिलेदी यांनी 1970 च्या सुमारास बेडकाच्या स्नायूवर ॲसिटिलकोलिन हा चेतापेशींचा संदेशवाहक रेणू सोडून विद्युतदाबातली बारीक थरथर मोजली, आणि त्यावरून एक चॅनेल (हा रेणू चिकटला की उघडणारं, आयन आत-बाहेर सोडणारं प्रोटीन) सुमारे एक मिलिसेकंद उघडा राहतो असा अंदाज बांधला. एकेका चॅनेलचा प्रवाह नेहर आणि साकमान यांनी थेट नोंदवला तो नंतर, 1976 मध्ये.

तुमच्या कामासाठी: दोन्हीपैकी एकाचेही रेणू शेकड्याच्या आत असतील तर गिलेस्पीचा 1977 चा अल्गोरिदम वापरा; तो एकेक जुळणं-सुटणं यादृच्छिकपणे घडवत जातो. पायथॉनमध्ये वीसेक ओळींत बसतो, आणि एवढ्या साध्या अभिक्रियेला वेळही लागत नाही. सरासरी समीकरणात यादृच्छिक नॉइजचं पद मिसळणाऱ्या लँजेव्हँ समीकरणाचा मोह होईल, पण रेणू कमी असताना ते संख्या शून्याखाली नेऊ शकतं, आणि मग नॉइजच्या पदातल्या वर्गमुळात ऋण आकडा येऊन कोड अडकतो.