एमआय-१७ हे हेलिकॉप्टर म्हणजे नुसता उडता टेम्पोच ना? लष्करात त्याचं काम आणि इतिहास काय?

‘टेम्पो’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. मी बेळगाव तालुक्यातला. सांबऱ्याला एअरमन म्हणून भरतीचं ट्रेनिंग घेतलं आणि पुढे एमआय-१७ वर फ्लाइट इंजिनिअर झालो. दोन पायलटच्या मधे बसून घड्याळं आणि वजन सांभाळणारा तो मी.

इतिहास थोडक्यात सांगतो. रशियन एमआय-८ ला जास्त ताकदीची दोन इंजिनं बसवली की झालं एमआय-१७. शेपटीचा पंखा उजवीकडे असेल तर एमआय-८, डावीकडे असेल तर एमआय-१७. आपल्याकडे ते १९८० च्या दशकाच्या मध्यात आलं. आत २४ जवान किंवा १२ स्ट्रेचर मावतात, माल चार टन. पण हे चार टन खालच्या हवेतले. सियाचिनच्या बाजूला टनांची भाषा बंद होते, तिथे किलो मोजावे लागतात.

१९९६ च्या दिवाळीत आमची डिटॅचमेंट, म्हणजे तात्पुरती पाठवलेली तुकडी, लडाखमधल्या थॉइसच्या विमानतळावर होती, दहा हजार फुटांवर. पहाटे पावणेसहाला लोडिंग सुरू. मागचे दरवाजे काढून ठेवलेले, कारण माल पॅराशूट बांधून तिथूनच खाली सोडायचा. सगळे जेरीकॅनच होते, वरच्या चौकीच्या स्टोव्हसाठी रॉकेल. रॉकेल संपलं की वर पाणीही संपतं, कारण पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. एवढ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचा एक हवालदार पाठीवर पोतं घेऊन आला. बोलण्यावरून येळ्ळूरचा निघाला. पोत्यात पोरांची घरून आलेली पार्सलं होती. एका पार्सलाच्या कापडाला तुपाचा डाग पडलेला. गोकाकचं करदंट आणि बेळगावचा कुंदा आहे म्हणाला. मी पोतं काट्याला टांगलं, ४२ किलो भरलं.

“नाही जमणार,” म्हटलं.

“अरे मर्दा, चाळीस किलोनं काय विमान पडतंय व्हय?”

पडतं. वर हवा विरळ, त्यामुळे पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनही दमतं. वजन जास्त झालं तर रोटरचे फेरे उतरायला लागतात, मशीन खाली बसायला लागतं, आणि डोंगरांमधल्या अरुंद घळीत वळायला जागा नसते. परतीच्या तेलात काटछाट करायची सोय आदल्या दिवशीच संपली होती. मी त्याला विचारलं, “दोन जेरीकॅन उतरवू आणि पोतं चढवू?” तो कॅनकडे बघत राहिला. मग पोतं पाठीवर घेऊन गेला. जाताना म्हणाला, “टेम्पोवाल्यांना एवढा माज बरा नव्हं.” शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो, पण वजन मी सांगितलं होतं. पार्सलं भाऊबीज उलटल्यावर वर गेली.

तो हवालदार आता निवृत्त होऊन गावीच असतो. कॅम्पातल्या कँटीनमध्ये गाठ पडते, तेव्हा चारचौघांत अजून ऐकवतो, “ह्यानं आमच्या पोरांची दिवाळी खाल्ली.” मी दरवेळी गप्प बसलो. आज लिहितो. त्या सकाळी मी चुकलो नव्हतो. रॉकेल वेळेवर गेलं म्हणून तुझी पोरं पाणी प्याली.

लढाईतल्या कामाबद्दल विचारलंयत. कारगिलमध्ये याच ‘टेम्पो’ला रॉकेट लावून डोंगरावर पाठवलं. २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ एका एमआय-१७ ला स्टिंगर, म्हणजे खांद्यावरून सोडायचं क्षेपणास्त्र, लागलं, चौघे गेले. त्या चौघांत दोन सार्जंट होते, आमच्यासारखेच. त्यानंतर एमआय-१७ ला त्या हल्ल्यांतून काढलं. त्याआधी १९७१ च्या बांगलादेश युद्धात मेघना नदीवरचा पूल पाकिस्तानी फौजेनं उडवल्यावर जनरल सगत सिंगांची फौज पलीकडे उतरली ती एमआय-४ या जुन्या रशियन हेलिकॉप्टरांमधून. फौज पलीकडे पोचवणं हीच तिथे लढाई होती. आणि २०१९ च्या पुरात आपल्या जिल्ह्यात हेलिकॉप्टरं आली, तेव्हा त्यांना टेम्पो म्हणणारा मला एकही भेटला नाही.

तुमच्या घरचं कोणी वायुदलात जात असेल आणि हेलिकॉप्टर युनिट मिळालं, तर फायटर नाही म्हणून तोंड पाडू देऊ नका. फायटरच्या ठिकाणी काम केलेला माझा मावसभाऊ या बाबतीत काहीही म्हणो.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं जुन्या एमआय-१७ चं. २०१२ पासून वायुदलात दाखल झालेल्या व्ही-५ या नव्या आवृत्तीची इंजिनं जास्त दमाची आहेत आणि मागे उघडणारा रॅम्प आहे, तेव्हा माझा ४२ किलोंचा हिशेब त्याला तसाच लावू नका. पण डोंगर व्ही-५ लाही सोडत नाही. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात लोकांना सोडवायला गेलेलं एक व्ही-५ गौरीकुंडजवळ पडलं, त्यात २० जण गेले.