सीडी आहे, पण गेम चालत नाही

(नव्वदच्या दशकातील अ‍ॅडव्हेंचर गेम नव्या संगणकांसाठी पुन्हा कसे प्रसिद्ध केले जातात, याविषयीचा लेख मागील अंकात छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना लेखकाने येथे उत्तरे दिली आहेत.)

प्रश्न : १९९३ सालच्या ‘डे ऑफ द टेंटॅकल’ या गेमची मूळ सीडी मी जपून ठेवली आहे. नव्या लॅपटॉपला बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडला की आतल्या फायली दिसतात. मात्र गेम सुरू करू लागल्यास हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. सीडी खराब झाली असेल काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फायली दिसत आहेत, त्याअर्थी सीडी बहुधा धडधाकट असावी. हा गेम डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी लिहिलेला, म्हणजे सोळा बिटी (एका वेळी सोळा बिटांचा हिशेब करणाऱ्या जुन्या धाटणीचा) आहे, आणि आपल्या लॅपटॉपवर असलेल्या चौसष्ट बिटी विंडोजमधून सोळा बिटी प्रोग्रॅम चालवण्याची सोयच काढून टाकलेली आहे. खास विंडोजसाठी निघालेल्या त्या काळातील कित्येक गेमचीही हीच गत होते, कारण गेम स्वतः बत्तीस बिटी असला तरी तो संगणकावर चढवणारा इन्स्टॉलर सोळा बिटी असतो.

आपल्या गेमपुरता मार्ग सोपा आहे, आणि त्याचे श्रेय १९८७ सालच्या एका निर्णयाला जाते. ‘मॅनिएक मॅन्शन’ या गेमसाठी लुकासफिल्म गेम्समध्ये रॉन गिल्बर्ट यांनी चिप मॉर्निंगस्टार यांच्या मदतीने ‘स्कम’ नावाची प्रणाली उभारली. कथा, संवाद, कोडी आणि कोणत्या वस्तूवर काय केले असता काय घडावे याचे नियम एका स्वतंत्र भाषेत लिहून डेटा फायलींत ठेवायचे, आणि त्या फायली वाचून पडद्यावर उतरवणारा दुभाष्या प्रोग्रॅम निराळा ठेवायचा, अशी तिची रचना होती. दुसऱ्या जातीच्या यंत्रावर गेम न्यायचा झाल्यास मुख्यतः दुभाष्या बदलावा लागे. त्या वेळी हा केवळ श्रम वाचवण्याचा उपाय होता. पुढे २००१ साली लुडविग स्ट्रिगेउस यांनी ‘स्कमव्हीएम’ हा प्रकल्प सुरू केला आणि स्वयंसेवकांनी तोच दुभाष्या आजच्या यंत्रांसाठी नव्याने लिहून काढला. तो मोफत मिळतो. सीडीवरील फायली लॅपटॉपवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये उतरवून घ्याव्यात, स्कमव्हीएमला तो फोल्डर दाखवावा, आणि गेम सुरू होईल. आपण पुन्हा काही विकत घेण्याची गरज नाही.

ज्या गेमचा दुभाष्या कोणीच पुन्हा लिहिलेला नाही, त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ हा प्रोग्रॅम प्रोसेसर आणि साउंड कार्डासकट अख्ख्या जुन्या संगणकाचीच नक्कल करतो. जुने गेम विकणाऱ्या दुकानांतून ‘नव्या संगणकासाठी’ म्हणून मिळणारी प्रत पुष्कळदा मूळ फायली, डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएम आणि दोन-चार नेमक्या सेटिंग्ज एवढ्याचीच बनलेली असते. त्यात फसवणूक मुळीच नाही. त्या सेटिंग्ज जुळवताना मी स्वतः अनेक रविवार घालवलेले आहेत.

एक अपवाद सांगून ठेवतो. सीडी अस्सल आहे की नाही हे तपासण्यासाठी काही गेममध्ये ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप वापरलेले असे. त्याच्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे, सुरक्षेला धोका पोहोचतो म्हणून विंडोज १० पासून तो चालू दिला जात नाही. परिणामी, पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी निरुपयोगी ठरते आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत मात्र चालू राहते. अशा गेमच्या बाबतीत कुलूप काढून केलेले अधिकृत पुनःप्रकाशन हाच सरळ मार्ग उरतो.

प्रश्न : इतके लोक जुने गेम मागत असताना कंपन्या ते पुन्हा काढायला वर्षानुवर्षे का लावतात? मूळ प्रोग्रॅम तर त्यांच्याच कपाटात असणार.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तो कपाटात असतोच असे नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. वेस्टवुड स्टुडिओजचा ‘ब्लेड रनर’ हा गेम १९९७ साली चार सीडींवर निघाला. त्यातील कोणते पात्र माणूस आणि कोणते कृत्रिम, हे प्रत्येक डावात बदलत असल्याने तो पुन्हा पुन्हा खेळावासा वाटे. पुढे वेस्टवुडची मालक असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००३ साली वेस्टवुडचा लास वेगासमधील स्टुडिओ बंद केला, आणि तेथून मुक्काम हलवताना या गेमचा मूळ कोड हरवला. मग स्कमव्हीएमच्या स्वयंसेवकांनी विक्रीला आलेला प्रोग्रॅमच उसवून तो आतून कसा चालतो हे टाका टाका करून शोधले. या कामाला सुमारे आठ वर्षे लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते पूर्ण झाले आणि डिसेंबरात गेम पुन्हा विक्रीला आला. पगार न घेता केलेल्या कामामुळे व्यापारी माल पुन्हा दुकानात आल्याची इतकी स्पष्ट उदाहरणे थोडी आहेत.

त्यानंतरची हकिगतही बोधप्रद आहे. नाइटडाइव्ह स्टुडिओजने २०२२ साली याच गेमची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यातली चित्रे गुळगुळीत केल्याने बारकावे पुसले गेले, अशी टीका झाली. आणि जुनी आवृत्ती विक्रीतून काढून तिच्या जागी ही ठेवल्याने ग्राहक अधिकच भडकले. अखेरीस जुनी आवृत्ती पुन्हा उपलब्ध करून द्यावी लागली. माझ्या मते नव्या आवृत्तीतील दोषांपेक्षा जुनी हटवण्याचा निर्णय अधिक चुकीचा होता, कारण दोष पुढेमागे दुरुस्त होऊ शकतात. हटवलेली प्रत मात्र नव्या खेळाडूला कधी भेटतच नाही.

याउलट ‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) या गेमची सामग्री लुकासफिल्मच्या संग्रहात टेपवर शिल्लक होती. पण त्या टेप वाचू शकणारे ड्राइव्ह दुर्मीळ झाले होते. डिस्नेने २०१२ साली लुकासफिल्म विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी गेम बनवणारा लुकासआर्ट्सचा विभाग बंद केला; त्यामुळे परवानगी मागायची कोणाकडे, इथपासून सुरुवात होती. मूळ दिग्दर्शक टिम शेफर यांच्या डबल फाइन या कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये नवी आवृत्ती आणली, तेव्हा पार्श्वभूमीची चित्रे बहुतांशी जुनीच राहू दिली, पात्रांवरचा प्रकाश नवा केला आणि संगीत मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून नव्याने वाजवून घेतले. माउसने खेळण्याची सोय एका चाहत्याने आधीच स्वतःपुरती तयार केलेली होती. तीही या अधिकृत आवृत्तीत सामावून घेतली गेली.

प्रश्न : एका जुन्या गेमची नवी प्रत मी घेतली. त्यात सगळी माणसे बुटकी आणि जाडी दिसतात, चंद्रसुद्धा लंबगोल! लहानपणी असे दिसत नव्हते, की माझीच आठवण चुकते आहे?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : आपली आठवण बिनचूक आहे. त्या गेमचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे असे आणि ते चारास तीन या प्रमाणाच्या काचेच्या मॉनिटरवर पूर्ण पडदाभर पसरे, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच असे. चित्रकारांनी तेच गृहीत धरून चित्रे काढली. आजच्या पडद्यावरचे ठिपके चौरस असल्याने, दुरुस्ती केली नाही तर चित्राची सुमारे सहावा हिस्सा उंची घटते. स्कमव्हीएम आणि डॉसबॉक्स या दोहोंत गुणोत्तर दुरुस्त करण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा. १६०० बाय १२०० या मापात आडवी पाचपट आणि उभी सहापट नेमकी बसते, म्हणून तेथे चित्र सर्वांत स्वच्छ दिसते.

नव्या रंगरूपाविषयी माझी अपेक्षा एकच आहे, ती म्हणजे मूळ रूप एका कळीवर हाताशी असावे. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या १९९० सालच्या गेमची २००९ मधील आवृत्ती खेळताना एक कळ दाबली की त्याच जागी, त्याच क्षणी जुने चित्र समोर येते. मात्र त्या जुन्या रूपात पात्रांचे आवाज ऐकू येत नाहीत. ती उणीव पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीत भरून काढण्यात आली. ‘डे ऑफ द टेंटॅकल’च्या २०१६ मधील आवृत्तीत तर चित्रे, आवाज आणि खालची क्रियापदांची (‘उचल’, ‘उघड’ अशा आज्ञांची) पाटी यांपैकी हवे ते जुने, हवे ते नवे ठेवता येते. याहून चांगली व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : जो गेम आता कोठेच विकत मिळत नाही, तो इंटरनेटवरून उतरवून घेतला तर गुन्हा होतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विक्री थांबल्याने मालकी संपत नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे, आणि ते कित्येक दशकांचे आहे. ‘मालकाने सोडून दिलेला गेम’ असा वर्ग त्या कायद्यात नाही. कायदेशीरपणे आपल्याकडे असलेली प्रत नष्ट होऊ नये म्हणून तिची राखीव प्रत करून ठेवण्यास मात्र त्याच कायद्याचे कलम ५२ परवानगी देते. तेव्हा नाशिकच्या वाचकांनी आपली सीडी निर्धास्तपणे उतरवून घ्यावी. मालकाच्या संमतीने मोफत मिळणारे गेमही आहेत. रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने १९९४ सालचा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ २००३ साली असाच सर्वांसाठी खुला केला. पहिला गेम म्हणून मुलांना तोच द्यावा, असे मी सुचवीन.

प्रश्न : हे गेम मराठीत आणता येतील का? कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या माझ्या मुलांना त्या निमित्ताने मराठी वाचायला लावावे, असा माझा डाव आहे.
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : डाव चांगला आहे, पण वाटेत दोन अडथळे आहेत. पहिला लिपीचा. या गेममध्ये साधारणपणे एका अक्षराला एक बाइट आणि एका बाइटला एक चित्र, असा हिशेब असतो. वेलांटी मागे न्यावी, जोडाक्षर जुळवावे, रफार पुढच्या अक्षरावर चढवावा, हे त्या प्रोग्रॅमला ठाऊक नाही. येथे आपले जुने डीटीपीवाले मदतीला येतात. युनिकोडच्या आधी ‘श्रीलिपी’सारख्या फॉन्टांतून ते अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या यांचे सुटे तुकडे मर्यादित जागांत बसवून मराठी मासिके छापत होते. गेमच्या फॉन्टमध्ये तेच तुकडे भरून, मजकूर त्याच क्रमाने लिहिला तर काम भागू शकेल. उंचीची ओढाताण मात्र टळणार नाही. आठ ठिपक्यांच्या ओळीत शिरोरेषा, वरचा अनुस्वार आणि खालचा उकार असे तिन्ही मावणे कठीण आहे.

दुसरा अडथळा विनोदाचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. ‘मंकी आयलंड’च्या पहिल्या भागात तलवारबाजी शिव्यांनी खेळली जाते. चाच्यांच्या टोमण्यांना द्यायची प्रत्युत्तरे आपण शिकतो, आणि शेवटी तलवारबाजीची उस्ताद असलेली बाई निराळेच टोमणे मारते, ज्यांना तीच जुनी प्रत्युत्तरे चपखल बसावी लागतात. म्हणजे प्रत्येक मराठी उत्तर दोन टोमण्यांना लागू पडले पाहिजे. दुसऱ्या भागात तर एका माकडाला संमोहित करून त्याचा पाना म्हणून उपयोग करायचा असतो, कारण अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याच्या नावातच (‘मंकी रेंच’) माकड आहे. हे कोडे इंग्लंडमधल्या खेळाडूंनाही सुटत नसे, कारण तेथे त्या पान्याचे नाव वेगळे आहे. आपल्या गॅरेजमध्ये तो नुसता पाना असल्यामुळे मराठीत माकडाचा संबंधच उरत नाही, तेव्हा त्या खोलीत आधीच कोणाच्या तरी तोंडी एखादे सूचक वाक्य घालावे लागेल. सुरुवात करायचीच असेल तर पहिल्या भागातील टोमण्यांपासून करावी. प्रत्येक उत्तराला दोन टोमणे जुळवण्याचे काम मुलांनाही सोबत घेऊन करता येईल.