कॅम्पर ट्रेलर : किती फुटी घ्यावा?

गाडीमागे जोडायचा बंद डब्याचा ट्रेलर घेऊन त्यात कुटुंबासाठी फिरतं घर बांधायचं, या विषयावर ठाणे-नवी मुंबईतल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं. मापं जिथे 'आतली' म्हटली आहेत, तिथे इन्सुलेशन आणि आतलं प्लाय लागल्यानंतर उरणारी मोकळी जागा धरावी.

आम्ही नवरा-बायको आणि १० व ७ वर्षांची दोन मुलं. ८, १० की १२ फुटी? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

म्हणीत अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात. इथे आधी पाय मोजायचे आणि मग अंथरूण. झोपायच्या जागा ठरल्या की लांबी आपोआप ठरते.

आतली रुंदी ६ फूट असेल तर सगळ्यांना आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत झोपता येतं. मागच्या टोकाला दोघा मोठ्यांचा साडेचार फुटी पलंग, पुढच्या टोकाला मुलांचे एकावर एक दोन बर्थ, रुंदी सव्वादोन फूट. झाले पावणेसात फूट. १० फुटी डब्यात मध्ये सव्वातीन फूट उरतात. त्यात डावीकडे दोन फुटी दार आणि समोर २० इंच खोलीचा ओटा बसतो, ओट्यापुढे एकाला उभं राहून पोळ्या लाटता येतात. ८ फुटीत हेच गणित केलं तर मध्ये सव्वा फूट उरतो, दारसुद्धा बसत नाही. मग रोज रात्री टेबल मोडून पलंग आणि सकाळी पलंग मोडून टेबल. पावसात चौघं आत अडकल्यावर हा उद्योग दुसऱ्याच दिवशी नकोसा होतो. १२ फुटीत मध्ये सव्वापाच फूट मिळतात. त्यात ओट्याशिवाय अडीच बाय तीन फुटांची मोरी, म्हणजे आंघोळ आणि केमिकल टॉयलेट (खालच्या टाकीत रसायन घातलेलं, उचलून नेता येणारं टॉयलेट) बसतं. थोडक्यात, आत टॉयलेट हवं असेल तर १२, नको असेल तर १०.

तुमच्यापैकी कुणाची उंची ५ फूट ८ इंचांच्या वर असेल तर लांबी वाढवू नका, रुंदी साडेसहा फूट करा. आडव्या पलंगाला माणसाच्या उंचीपेक्षा तीन-चार इंच जास्त लागतात. उशी आणि पांघरूण जागा खातंच.

पैसे भरण्याआधी हॉलमधलं फर्निचर बाजूला सारा. बहुतेक फ्लॅटमध्ये फरश्या दोन बाय दोन फुटांच्या असतात. लांबीला पाच आणि रुंदीला तीन फरश्या मोजल्या की झाला १० बाय ६ चा डबा. कडेने कागदी टेप चिकटवा, पलंग आणि ओटा टेपनेच आखा आणि चौघांनी एक संध्याकाळ त्या चौकटीच्या आत काढा. दाराची फट कुठे हवी, चपला कुठे जाणार, ओली छत्री कुठे टेकणार, हे कागदावरच्या नकाशात कधीच कळत नाही.

माझ्याकडे सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. १२ फुटी ट्रेलर सहज ओढेल ना? (कोपरखैरणे)

ओढेल की नाही यापेक्षा उतारावर थांबेल का, ते विचारा. सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ओढायच्या वजनाचा आकडा दिला असेल तर ती मर्यादा. ट्रेलर जोडू नका असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला, बाजारातून आणून बसवलेल्या हुकामुळे तो बदलत नाही.

आता वजन. १० बाय ६ च्या, आत उभं राहता येईल अशा डब्याचा हिशोब साधारण असा लागतो. लोखंडी चॅनेलची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, १०५ किलो. अॅक्सल, चाकं, स्प्रिंग, कपलर (गाडीच्या हुकावर बसणारी पकड) मिळून १३०. २५ बाय २५ मिलिमीटर चौकोनी पाइपचा डब्याचा सांगाडा १००. बाहेरून ३ मिलिमीटर एसीपी (अॅल्युमिनियमचं पॅनेल) ११०, त्याऐवजी १ मिलिमीटर जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा लावला तर १९० च्या पुढे. जमिनीचं प्लाय ४५, आतलं अस्तर ६५, इन्सुलेशन २०, दार-खिडक्या ४०. म्हणजे रिकामा डबाच ६१५. त्यावर फर्निचर ८५, बॅटरी आणि वायरिंग ४०, पाणी ६०, ५ किलोचा गॅस सिलिंडर टाकीसकट १२, आणि भांडी, कपडे, किराणा, खुर्च्या १२०. एकूण ९३० किलोंच्या आसपास. १२ बाय ७ चा डबा याच रीतीने १२०० च्या घरात जातो आणि १४ फुटीला दोन अॅक्सल लागतात.

ब्रिटनमधल्या कॅरव्हॅनवाल्यांचा ठोकताळा आहे की नवख्याने गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड ट्रेलर जोडू नये. तिथले रस्ते वेगळे. कसारा, माळशेज किंवा बोरघाट कुटुंबासह उतरायचा असेल तर भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावा, असं आमचं ठाम मत आहे. दोन टनांच्या गाडीला १० फुटी शोभतो, १२ फुटी जड पडतो. युरोपात ७५० किलोंपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आपणही ती रेषा पाळावी. सोपा प्रकार म्हणजे ओव्हररन ब्रेक : गाडी मंदावली की ट्रेलर कपलरवर रेटा देतो आणि त्या रेट्यानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. तरीही उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरायचा. पायाखालचा ब्रेक तापला की करपट वास येतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

वजन वाढतं ते मुख्यतः सुतारकामात. आपल्याकडच्या सुताराचा हात घरातल्या फर्निचरवर बसलेला, त्यामुळे तो न विचारता १८ मिलिमीटर प्लाय आणि वर सनमायका लावतो. ८ बाय ४ चं १८ मिलिमीटरचं एक शीट सुमारे ३५ किलो, ९ मिलिमीटरचं १८ किलो. सहा शीट्समध्ये १०० किलोंचा फरक पडतो. पलंगाखाली पाइपची चौकट आणि त्यावर ९ किंवा १२ मिलिमीटर प्लाय पुरतं, फक्त आधार एक-एक फुटावर द्या. कपाटांना दारांऐवजी कापडी पडदे किंवा जाळी लावा.

उंची किती ठेवावी? सोसायटीत पोडियमखाली, म्हणजे इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये, उभा करायचा आहे. (खारघर)

उभं राहायचं असेल तर घरातल्या सर्वांत उंच माणसापेक्षा दोन इंच जास्त, आणि ही उंची काम पूर्ण झाल्यावरची. छताचं २५ मिलिमीटर इन्सुलेशन, अस्तर आणि जमिनीचं प्लाय मिळून दोन-तीन इंच जातात. ६ फूट हवे असतील तर रिकामा डबा सव्वासहा फुटांचा घ्या.

पण अशा डब्याचं छत जमिनीपासून आठ-सव्वाआठ फुटांवर पोचतं, कारण खालचं चाक आणि चासीच पावणेदोन-दोन फूट घेतात. पोडियमच्या तोंडाशी लटकणारी पाटी वाचा. २.१ मीटर असेल तर तो आत जाणारच नाही, आणि पाटीपेक्षा आतला स्प्रिंकलरचा पाइप आणखी खाली असू शकतो, तो टेपने मोजा. रोज तिथेच ठेवायचा असेल तर बसून वापरायचा, त्या उंचीत मावणारा बुटका डबा किंवा वर उचलणारं छत, हे दोनच मार्ग. उचलणाऱ्या छताच्या कापडी बाजू आपल्या पावसाळ्यात बुरशी धरतात. जून ते सप्टेंबर ते बंद करून ठेवायचं आणि मधूनमधून ऊन पडलं की उघडून वाळवायचं.

लांबी मोजताना पुढची दांडी विसरली जाते. १० फुटी डब्याला ती धरून १४ फूट लागतात, १२ फुटीला १६. पाच मीटरच्या पार्किंगमध्ये १२ फुटी जेमतेम मावतो आणि मग गाडी कुठे ठेवायची हा प्रश्न वेगळाच.

अमेरिकन व्हिडिओंत ६ बाय १२ आणि ७ बाय १४ ची शिफारस असते. तेच नकाशे वापरू का? (ऐरोली)

झोपायची मांडणी घ्या, बाकी जपून. ती मापं तिथल्या मोठ्या पिकअपसाठी आहेत, आणि ७ फुटी डब्याची चाकं बाहेर असली की एकूण रुंदी साडेआठ फुटांपर्यंत जाते. मुरबाडच्या पुढे समोरून एसटी आली की हे समजतं. तिथे वाहतूक उजवीकडून, म्हणून दार उजव्या बाजूला असतं. नकाशा जसाच्या तसा उतरवला तर आपल्याकडे मुलं थेट धावत्या रस्त्यात उतरतील. दार डावीकडे घ्या, त्याबरोबर ओटा आणि गॅसची जागाही उलटते. त्यांचं वायरिंग १२० व्होल्टचं, आपलं २३०. बाहेरून वीज घेण्याची सोय केली तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय प्लग लावू नका, कारण पत्र्याच्या डब्यात गळकी वीज सगळ्या भिंतींना येते.

आई-वडीलही वर्षातून पाच-सहा वेळा बरोबर येतात. सहा जणांसाठी १४ फुटी घ्यावा का? (डोंबिवली)

नाही. वर्षातून पाच-सहा वेळा लागणाऱ्या दोन बिछान्यांसाठी अॅक्सल, ब्रेक, टायर, पार्किंग सगळं दुप्पट करू नका. १० फुटीच्या दाराबाजूला ताडपत्रीचा मांडव आणि त्यात दोघांचा तंबू. तंबूत तुम्ही झोपा, पलंग आई-वडिलांना द्या. दाराशी ७-८ इंचांच्या दोन पायऱ्या आणि हाताला धरायला दांडा हवाच. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. सहा जण आणि गाडी पाच आसनी असेल तर आधी तो प्रश्न सोडवा.

कळंबोलीत जुना रेफ्रिजरेटेड डबा स्वस्तात मिळतोय. स्थानिक फॅब्रिकेटर चासी करून देतो म्हणतो. (कामोठे)

डबा मोहात पाडणारा असतो : भिंतींत पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे उन्हाळ्याचा प्रश्न अर्धा सुटलेला. पण जुन्या डब्यात सांध्यांतून पाणी शिरून फोम भिजलेला असतो. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत बोटाच्या पेराने ठोकत जा. कोरडी भिंत घट्ट, एकसारखी वाजते. भिजलेली मठ्ठ वाजते, आणि पत्रा फोमपासून सुटलेला असेल तर पोकळ. असा डबा वाळत नाही, वास जात नाही आणि ते पाणी तुम्ही गावोगाव ओढत फिरता. छोटा हत्तीवरून उतरवलेला डबा असेल तर आत जेमतेम ७ बाय पावणेपाच फूट. चौघांचं काम नाही.

चासीचा मुद्दा याहून मोठा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणी लागते. नोंदणीसाठी तो नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतलेला असावा लागतो, पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही त्यातली एक. गल्लीत वेल्डिंग केलेल्या चासीला हा कागद नसतो. म्हणून मान्यता असलेल्या निर्मात्याचाच ट्रेलर घ्या. विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्त्यायोग्यतेचा फॉर्म २२ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि त्यांवरचा चासी क्रमांक दांडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. आत मोठे बदल करण्याआधी तुमच्या आरटीओत, म्हणजे पनवेलला, लेखी विचारा. कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही.

टायर निवडताना छोटा हत्ती किंवा ईको यांसारख्या गाड्यांना चालणारं, वजन पेलणारं माप घ्या. पंक्चर रात्री जव्हारजवळ झालं तरी तो टायर मिळतो.

१० फुटी ट्रेलर रिकामा छान चालतो. सामान भरलं की ६०-७० च्या वेगाला मागून शेपटीसारखा हलतो. मोठा घ्यायला हवा होता का? (पनवेल)

मापाचा दोष नाही, वजन मागे गेलं आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचे १० ते १५ टक्के हुकावर पडायला हवेत. ९३० किलोंना किमान ९५. ते कमी झालं की ट्रेलर डोलतो आणि वेगाबरोबर डोलणं वाढत जातं.

पहिला संशय पाण्याच्या टाकीवर घ्या. ६० लिटरची टाकी अॅक्सलच्या मागे १.२ मीटरवर असेल आणि हुकापासून अॅक्सल २.९ मीटरवर, तर भरलेली टाकी हुकावरचं वजन २५ किलोंनी कमी करते. रिकामी असताना नीट, भरल्यावर बिघाड, हे तुमच्या वर्णनाशी जुळतं. टाकी अॅक्सलच्या वर आणा, मग ती भरो वा संपो, तोल बदलत नाही. मागच्या पलंगाखालचे किराण्याचे डबे आणि खुर्च्या पुढच्या बर्थखाली न्या. हुकावरचं वजन गाडीच्या डिकीत ठेवलेल्या सामानासारखंच मोजलं जातं, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमधली त्याची मर्यादाही पाहून घ्या.

मोजायची रीत : पाणी, गॅस, सामान सगळं भरा, ट्रेलर सपाट जागी गाडीपासून सोडवा आणि चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा. घरातला १५० किलोंपर्यंतचा वजनकाटा कपलरच्या बरोबर खाली ठेवा, त्यावर पाट, आणि पाटावर जाडजूड वाशाचा तुकडा, इतका उंच की कपलर टेकला की ट्रेलर आडवा, समपातळीत राहील. पुढचं जॉकी चाक (दांडीला टेकू देणारं, वर-खाली होणारं छोटं चाक) हळूहळू वर घ्या आणि ते जमिनीपासून सुटलं की आकडा वाचा. त्यानंतर तसाच भरलेला ट्रेलर कळंबोली किंवा भिवंडीच्या एखाद्या वजनकाट्यावर नेऊन काटा करा. मोजेपर्यंत ६० च्या वर जाऊ नका, आणि डोलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टीअरिंग सरळ धरून फक्त अॅक्सिलरेटरवरून पाय काढा.