मोओकूआउहाऊ: वंशावळ की वंशवृक्ष?

प्रश्न असा: हवाई बेटांवरच्या जुन्या अलीईंच्या (तिथले सरदार, राजे) 'मोओकूआउहाऊ'ला, म्हणजे घराण्याच्या पिढ्यांच्या नोंदीला, मराठीत वंशवृक्ष म्हणावं की वंशावळ?

माझं मत वंशावळीला. 'मोओ' (मधे घशात किंचित थांबून) म्हणजे पाल, सरडा. आणि मोओ म्हणजे एकामागून एक लागलेली रांगही. 'कुआमोओ' म्हणजे पाठीचा कणा. भिंतीवरच्या पालीची पाठ आठवा, की जोडणी लक्षात येते. आता आपल्याकडे बघा. 'वंश' म्हणजे मुळात बांबू, पेरावर पेर चढत जाणारा. कण्यालाही आपण पृष्ठवंश म्हणतोच. 'आवळ' आली 'आवली'वरून, म्हणजे पुन्हा रांग. दोन भाषांची कधी ओळखदेख नाही, आणि हे असं!

'कुमुलिपो' या २,१०२ ओळींच्या सृष्टिस्तोत्रातला वंशावळीचा भाग वाचला तर झाड दिसतच नाही. एका ओळीत एक पुरुष, एक स्त्री; पुढच्या ओळीत पुढची जोडी. राजा कालाकाउआने ते १८८९ मध्ये छापवलं, त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिचं भाषांतर १८९७ मध्ये निघालं.

शिवाय 'नीआउपिओ' हा शब्द घ्या. सख्ख्या किंवा सावत्र बहीणभावांच्या लग्नातून झालेलं, अतिशय उच्च मानलेलं अलीईंचं मूल. शब्दशः अर्थ नारळाच्या झापाचा वाकवलेला हीर. आपण केरसुणीला वापरतो तोच हीर! वाकवला की स्वतःकडेच परत येतो. झाडाची फांदी अशी खोडाकडे वळत नाही, म्हणून वंशवृक्ष इथे फसतो.

वनस्पती हवीच असेल तर अळू आहे. दंतकथेत वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मतं. पुरलं तिथे अळू उगवतं. नंतरचा मुलगा हालोआ, तो मूळपुरुष. कुटुंबाला 'ओहाना' म्हणतात तेही 'ओहा'वरून, म्हणजे मुख्य कंदाला बाजूने फुटणारी पिल्लं.

बाकी जातीच्या दाखल्याला आपल्याकडे जोडतात तीही वंशावळच, वंशवृक्ष कोणी मागत नाही. एखाद्या लेखाशेजारी फांद्यांची आकृती काढली असेल, तर त्या आकृतीला खुशाल वंशवृक्ष म्हणा.