काचेवर चिकटवलेल्या जिवाणूंपासून गच्चीवर हायड्रोजन बनवून घरचा गॅस वाचवता येईल का?

नाही वाचणार. आधी हिशोब बघा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट ऊर्जा असते. मुंबईत दिवसाला चौरस मीटरमागे सरासरी ५ युनिट ऊन धरलं आणि त्यातलं एक टक्का हायड्रोजनमध्ये उतरलं (उघड्यावर तेवढं जमलं तरी डोक्यावरून पाणी), तर १० चौरस मीटरची गच्ची दिवसाला अर्धं युनिट देईल. एका सिलिंडरला वर्ष! सोसायटीची परवानगी वेगळीच.

पण चिकटवण्याची कल्पना चांगली आहे. एमएस्सीला आम्ही शिवडीच्या खाडीतला चिखल बाटलीत भरून साध्या पिवळ्या बल्बसमोर ठेवला होता. काही आठवड्यांत काचेला जांभळट-लाल थर धरला, तेच हे उजेडावर जगणारे जिवाणू. पांढऱ्या एलईडीसमोरची बाटली मात्र रडतखडत वाढली. या जिवाणूंना डोळ्यांना न दिसणारा, ८०० नॅनोमीटरच्या पलीकडचा उजेड आवडतो आणि पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतोच.

यांचा हायड्रोजन नायट्रोजिनेज नावाच्या विकरातून (एन्झाइममधून) येतो. त्याचं मूळ काम नायट्रोजनचा अमोनिया करणं. नायट्रोजन मिळाला नाही की ते हायड्रोजनच सोडत बसतं. गेस्ट आणि कामेन या शास्त्रज्ञांनी हे १९४९ मध्ये दाखवलं. अमोनिया मिळाला की काम बंद, ऑक्सिजन लागला की विकरच निकामी.

चिकटवल्याचा फायदा असा की द्रव बदलत राहिलं तरी जिवाणू वाहून जात नाहीत आणि थोड्या जागेत दाट बसतात. आम्ही जिवाणू आत अडकवून अल्जिनेटचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचे) मणी केले होते, अगदी भिजलेल्या साबुदाण्यासारखे. दोन दिवसांत सगळा बुळबुळीत लगदा! जिवाणूंच्या खाद्याच्या द्रवातल्या फॉस्फेटने मणी घट्ट धरणारं कॅल्शियम ओढून घेतलं होतं. सरांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दुसरी अडचण अंधाराची: मणी जाड झाला की बाहेरचे जिवाणू उजेड खातात, आतले नुसते बसून राहतात. म्हणून मण्यांपेक्षा सच्छिद्र काचेची पातळ पट्टी बरी, तुमची काचेची कल्पना बरोबर आहे.

हौस म्हणून अर्ध्या लिटरची बाटली लावून बघा. वायू साठवू मात्र नका, ठिणगीला पेटतो. खाद्य म्हणून लॅक्टिक किंवा ॲसिटिक आम्लाचे क्षार द्या. पनीरचं आंबलेलं पाणी फुकट मिळतं खरं, पण त्यातली प्रथिनं कुजली की अमोनिया होतो आणि बुडबुडे थांबतात.