डब्लिनमध्ये पहिली गाडी घेताय? मग आधी हे वाचा

ब्रिटनमधली जुनी गाडी स्वस्त दिसते म्हणून लगेच बयाणा देऊ नकोस. आयर्लंडमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे पूर्वी लोक सर्रास तिकडून गाड्या आणायचे. १ जानेवारी २०२१ पासून गणित बदललं. ब्रिटन युरोपियन युनियनच्या व्यवस्थेबाहेर गेल्यामुळे तिथून येणारी गाडी आता आयात माल ठरते.

समज, वाहतुकीसकट गाडी १०,००० युरोला पडली. १० टक्के सीमाशुल्क लागलं तर ११,०००, त्यावर २३ टक्के व्हॅट, म्हणजे १३,५३०. नोंदणीचा व्हीआरटी कर वेगळाच! गाडी ब्रिटनमध्येच बनलेली असेल आणि तसा पुरावा असेल तर सीमाशुल्क वाचतं, व्हॅट मात्र चुकत नाही. जर्मनीत बनून ब्रिटनमार्गे आलेल्या गाडीला ही सवलत सहसा मिळत नाही, इथेच बरेच जण फसतात.

उत्तर आयर्लंड यूकेचाच भाग असला तरी तिथल्या गाड्यांना नियम वेगळे आहेत; तिथली गाडी असेल तर ती तिथे कधी, कशी आली याची कागदपत्रं आधी माग. नुसत्या बेलफास्टच्या पत्त्यावर विसंबू नकोस. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सरळ निघून ये.

माझं मत विचारशील तर पहिली गाडी इथेच नोंदलेली घे. आणि बाहेरून आणलीसच, तर गाडी इथे आल्यापासून सात दिवसांत नोंदणीची वेळ घ्यावी लागते, तेही लक्षात ठेव.