"फॉर्म्युले सगळे पाठ आहेत मॅडम, पण पेपरात ब्लँक होतो"

दिवाळीनंतर युनिट टेस्टचे मार्क आले की काउन्सेलिंगला आलेल्या मुलांकडून हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. मग लगेच पालकांचं पुढचं, टेन्शन घेतो का हो, मेडिटेशन लावू का, मोबाईल काढून घेऊ का. कधी खरंच टेन्शन असतं, नाही असं नाही, पण बरेचदा गोष्ट भलतीच असते म्हणून ही एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत).

मुलगा अकरावी सायन्सचा, लातूरला क्लाससाठी रूम करून राहिलेला. सोबत वडील. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं की फिजिक्स झेपत नाही तर मॅथ्स सोडून बायोलॉजी देऊ का. आता फिजिक्स काय मेडिकलच्या नीट परीक्षेलाही असतंच, पण काळजीत माणूस असंच बोलतो.

मी मूळची फिजिक्सवाली, म्हणून म्हटलं आधी टेस्टचा पेपर दाखव. प्रश्न असा होता: 60 मीटर उंच कड्यावरून 20 मीटर पर सेकंद स्पीडने बॉल फेकला, तो जास्तीत जास्त लांब पडायला अँगल किती आणि किती लांब पडेल, जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) 10 घ्या. पठ्ठ्याने 45 अंश लिहून यू स्क्वेअर बाय जी (यू म्हणजे फेकण्याचा स्पीड) केलं, आलं 40 मीटर, आणि ऑप्शनमध्ये 40 नाहीच! तिथून पुढे त्याचा हात थरथरला, पुढचे येणारे प्रश्न पण चुकले, निगेटिव्ह मार्किंग वेगळंच.

म्हणजे बघा, तो ब्लँक झाला ते नंतर. आधी तर अर्ध्या मिनिटात उत्तर लिहून मोकळा झाला होता. खरी गडबड त्या अर्ध्या मिनिटातली.

मी विचारलं, "45 कुठून आणलंस रे?"
"मॅक्स रेंजला, म्हणजे सगळ्यात लांब पडायला, 45 असतं ना मॅडम."
"नेहमी?"
गप्प.

मग कागद घेतला. रेंजच्या फॉर्म्युल्यात साइन टू थीटा (थीटा म्हणजे फेकण्याचा अँगल) असतं, ते 45 ला 1 होतं, बरोबर. पण तो फॉर्म्युला काढतानाच धरलेलं असतं की बॉल जिथून सुटला त्याच लेव्हलला पडतो. इथे तर खाली 60 मीटरची दरी आहे. आपण बॉल वर फेकतो कशासाठी, तर हवेत राहायला वेळ मिळावा म्हणून, आणि इथे तो वेळ उंचीमुळे अर्धाअधिक फुकटच मिळतोय, मग स्पीड वर कशाला घालवायचा, पुढे लावायचा. हे ऐकल्यावर तो स्वतःच म्हणाला, म्हणजे अँगल कमी पाहिजे. झालं की! उरलं ते गणित. टॅन थीटा बरोबर यू भागिले रूटमध्ये यू स्क्वेअर अधिक 2 जीएच (एच म्हणजे उंची), म्हणजे 20 भागिले रूट 1600, म्हणजे अर्धा. अँगल साधारण साडेसव्वीस अंश, आणि अंतर 80 मीटर. त्याच्या 40 च्या बरोब्बर दुप्पट. 45 नेच फेकला असता तरी 73 च्या आसपास गेला असता, पण ते काढायलाही त्याने दरी हिशोबात घ्यायला हवी होती.

वडील इतका वेळ नुसते बघत होते, ते मध्येच म्हणाले, मग गोळाफेकवाले कसे फेकतात? मला फार आवडला हा प्रश्न. सांगलीकडच्या सचिन खिलारीने 2024 ला पॅरिस पॅरालिम्पिकला 16.32 मीटर फेकून सिल्व्हर आणलं, तेवढ्या अंतराचं गणित आम्ही करून बघितलं. गोळा 2 मीटर उंचीवरून 12 च्या स्पीडने सुटला धरा, बेस्ट अँगल येतो साडेएक्केचाळीस आणि अंतर 16.28. 45 ने फेकला तर 16.18, म्हणजे फरक फक्त 10 सेंटीमीटरचा. खरे खेळाडू तर त्याहून खालच्या अँगलने फेकतात, कारण गोळा जितका वर ढकलाल तितका हाताला स्पीड कमी मिळतो, आणि आपण मात्र गणितात स्पीड तोच धरतो. पोरगा आता खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

त्याला काम एकच दिलं. फॉर्म्युल्याच्या वहीत प्रत्येक फॉर्म्युल्याशेजारी पेन्सिलने लिहायचं, हा कधी चालतो आणि कधी नाही. रेंजच्या शेजारी: सुटण्याची आणि पडण्याची लेव्हल सेम, हवेचा विरोध नाही. जिथे लिहिता येणार नाही तो फॉर्म्युला पाठ आहे पण आलेला नाही असं समजायचं आणि सरांना जाऊन विचारायचं, लाजायचं नाही. मेडिटेशन करायचं तर करा, माझी ना नाही, पण त्याने ती दरी दिसणार नव्हती.

पुढच्या टेस्टला मार्क थोडेच वाढले, खोटं कशाला सांगू. वही अजून निम्मीच झाली होती. पण वर्क-एनर्जीच्या पानावर, मेकॅनिकल एनर्जी कायम राहते या फॉर्म्युल्याशेजारी त्याने स्वतःहून लिहिलं होतं, "फ्रिक्शन असेल तर हा चालत नाही", आणि वडिलांचा ग्रुप बदलायचा विषय सध्या तरी बंद आहे.